'पाठवलं' म्हणजे 'पोहोचलं' नव्हे : टपाल प्रशासनांना आणि सरकारांना खुलं पत्र

प्रति,
जागतिक टपाल संघटना, बर्न, स्वित्झर्लंड
आणि पत्रवाटप आटोपतं घेऊ पाहणारी सर्व देशांची सरकारं व टपाल प्रशासनं

विषय : 'आता ई-मेल आहेच' या कारणावरून पत्रसेवा कमी करण्याबाबत

महोदय,

३० डिसेंबर २०२५ रोजी डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या तिथल्या टपाल कंपनीने शेवटची पत्रं वाटली. १६२४ पासून चालत आलेली सरकारी पत्रसेवा चारशे वर्षांनी थांबली. रस्त्यावरच्या पंधराशे लाल पेट्या काढण्याचं काम त्या वर्षाच्या जूनपासूनच सुरू झालं होतं. आकडे तुमच्यापुढे आहेतच. २००० साली त्या देशात सुमारे १४० कोटी पत्रं जात होती, २०२४ मध्ये ती ११ कोटींवर आली. असा उतार बघून कुठलाही हिशेबनीस कात्री हातात घेणारच. शिवाय पत्र पाठवण्याची सोय कुणीतरी चालू ठेवलीच पाहिजे असं तिथला कायदा अजून सांगतो आणि आता ते काम एक खासगी कंपनी करते. तेव्हा डेन्मार्कला दोष देण्यासाठी मी लिहायला बसलेली नाही. त्या निर्णयानंतर सगळीकडे जे वाक्य सहज फेकलं जाऊ लागलं आहे, त्याला माझी हरकत आहे. 'ई-मेल आल्यावर टपाल हवंय कशाला?' हे वाक्य चहाच्या टेबलावर ठीक आहे. धोरणाच्या मसुद्यात ते आलं की गप्प बसवत नाही.

मी एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काम करते. दिवसभर हातांखालून पाकिटं जातात आणि पाकिटांपेक्षा कितीतरी जास्त ई-मेल जातात. ई-मेल नसता तर आमच्या विभागाची पार दैना झाली असती, हे आधीच सांगून टाकते. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला फीत बांधून जपणाऱ्यांतली मी नाही. शाईचा वास, अक्षराचं वळण वगैरे गहिवर या पत्रात सापडणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळेच आमचा मुद्दा तुम्हाला हळवेपणा वाटतो.

पण दोन्हीकडची नोंद रोज ठेवणाऱ्याला एक फरक दिसतो. परत आलेलं पाकीट बघा. कोपऱ्यात आमचा जावक क्रमांक असतो, पत्त्यावर तिरकी रेघ मारलेली असते आणि तिच्या बाजूला पोस्टमनने बॉलपेनने घाईघाईत लिहिलेला शेरा असतो : 'घर बंद', 'पत्ता सोडून गेले', 'घेण्यास नकार', 'मयत'. खाली तारीख आणि सही. परदेशातून परत येणाऱ्या टपालावर जागतिक टपाल संघटनेचीच 'सीएन १५' नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर अशीच कारणं चौकटींपुढे छापलेली असतात आणि लागू असेल त्या चौकटीत खूण केलेली असते. म्हणजे कुणीतरी त्या दारापर्यंत गेलं होतं. पत्र पोहोचलं नाही, पण का नाही ते कळलं. 'मयत' असा शेरा आला की आमच्याकडची फाईल वारसांच्या वाटेने जाते. 'पत्ता सोडून गेले' असा आला की नवा पत्ता शोधायला माणूस लागतो. 'घेण्यास नकार' आला तर मामला वकिलाच्या टेबलावर जातो. एका ओळीच्या शेऱ्यावरून पुढचं सगळं ठरतं.

ई-मेलच्या यादीत त्याच रकान्यात एकच शब्द येतो : 'डिलिव्हर्ड'. या शब्दावर आज नोटिसा बजावल्या जातात, मुदती मोजल्या जातात, दंड लावले जातात, म्हणून त्याच्या पोटात काय आहे ते सांगते. ई-मेल पोहोचवणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ सालची. पाठवणारा सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरला संदेश देतो आणि घेणारा सर्व्हर '२५०' या आकड्याने उत्तर देतो. त्याचा अर्थ 'घेतला, आता तो माझ्या जबाबदारीवर'. एवढंच. त्यानंतर तो संदेश इनबॉक्समध्ये पडला, स्पॅममध्ये पडला, जाहिरातींच्या कप्प्यात गेला, की कंपनीच्या सुरक्षा चाळणीत अडकून राहिला, यातलं काहीही पाठवणाऱ्याला त्या आकड्यावरून कळत नाही. वाचल्याची पावती मागता येते, पण ती द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर आणि त्याच्या ॲपवर असतं. मेलमध्ये अदृश्य चित्र दडवून तो उघडला का हे पाहण्याची युक्ती जाहिरातवाले वापरतात. ॲपलने २०२१ पासून तीही निकामी करून ठेवली आहे, कारण मेल कुणी उघडो वा न उघडो, त्यातली चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय तिथे झाली. ग्राहकाच्या खासगीपणासाठी हे चांगलंच झालं. पण 'उघडल्याची नोंद आमच्याकडे आहे' असं जी कार्यालयं छाती ठोकून सांगतात, त्यांनी ती नोंद नेमकी कशाची आहे ते एकदा आपल्या तांत्रिक विभागाला विचारावं. इमारतीच्या फाटकावरच्या रखवालदाराकडे लिफाफा देऊन 'घरमालकाची भेट झाली' असं वहीत लिहिण्यासारखा हा प्रकार आहे.

आता ई-मेलच्या बाजूचं, कारण ते न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी दोन यंत्रांमध्ये पहिला संदेश पाठवला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह वापरलं. तेव्हापासून निरोप या गोष्टीची किंमत जवळपास शून्यावर आली. दूर देशी गेलेल्या मुलाची खुशाली आज क्षणात कळते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यापैकी अनेकांना छापील पत्रापेक्षा ई-मेल कितीतरी सोयीचा, कारण स्क्रीनरीडर तो वाचून दाखवतो, दुसऱ्या कुणाकडून खासगी पत्र वाचून घ्यावं लागत नाही. टपाल फार भरवशाचं आहे असंही नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांवरची करमाफी काढली, तेव्हा ऐंशीहून अधिक टपाल प्रशासनांनी तिकडे जाणारी सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली होती. एका देशाचा एक आदेश आणि वाहतूक कोसळली. तेव्हा एक यंत्रणा पवित्र आणि दुसरी कुचकामी, असा हा वाद नाही.

निरोप नेण्याचं काम ई-मेलने घेतलं आहे आणि ते आता टपालाकडे परत येणार नाही. गप्पा, खुशाली, आमंत्रणं, बैठकीच्या वेळा हे सगळं गेलं. जाऊ दे. प्रश्न उरतो तो ज्या कागदामुळे कुणाचा तरी हक्क, पैसा, घर किंवा मत ठरतं त्याचा. तिथे ई-मेलने टपालाची जागा घेतलेली नाही. घेतली आहे असं तुम्ही गृहीत धरलंत आणि मधल्या फटीत माणसं पडू लागली.

ही फट कशी तयार झाली ते समजायला १८४० साल आठवा. त्याआधी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणारा भरत असे. अंतर आणि कागदांची संख्या पाहून दर ठरायचा. पैसे नसले तर पत्र परत. रोलंड हिल यांनी हे उलटं करून दाखवलं. अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर कुठेही एक पेनी आणि ती पाठवणाऱ्याने आधीच भरायची. मे १८४० मध्ये त्यासाठी पेनी ब्लॅक हे तिकीट आलं. सगळ्या जगाने ही पद्धत उचलली. १८७४ मध्ये २२ देशांनी बर्नला बसून करार केला, सगळे सदस्य देश मिळून टपालाचा एकच प्रदेश आहे असं ठरवलं, आणि एका देशाचं तिकीट लावलेलं पत्र दुसऱ्या देशाचा पोस्टमन निमूटपणे वाटू लागला. तुमची संघटना त्याच कराराची. आज तिचे १९२ सदस्य आहेत. या साऱ्या व्यवस्थेचा पाया एका गोष्टीवर होता : ज्याला सांगायचं आहे त्याने खर्च करावा आणि पोहोचवण्याचा भार उचलावा. घेणाऱ्याकडे फक्त एक दार असलं की पुरे.

ई-मेलने हा पाया उपटून टाकला. पाठवणाऱ्याला आज फुकट पडतं. घेणाऱ्याने मात्र यंत्र घ्यायचं, जोडणीचे पैसे भरायचे, वीज असल्याची खात्री करायची, पासवर्ड लक्षात ठेवायचा, जुना फोन नंबर बदलला तर 'तुम्ही तुम्हीच आहात' हे कंपनीला पटवायचं, रोज कचऱ्याचा ढीग उपसायचा आणि त्यात आपल्या कामाचं काही आलंय का ते शोधायचं. जगातल्या एकूण ई-मेलपैकी निम्म्याच्या आसपास कचराच असतो. शोधताना चुकलात तर दंड तुम्हाला. नाव आधुनिक असलं तरी पैशाच्या आणि जबाबदारीच्या हिशेबात ही व्यवस्था १८४० च्या अलीकडची नाही, पलीकडची आहे. आणि जगात अजूनही दोनशे कोटींहून अधिक माणसं इंटरनेट वापरत नाहीत. त्यांच्याकडे घेणाऱ्याने भरायचे पैसेच नाहीत.

हे मला कागदावर समजलेलं नाही, घरात घडलेलं आहे. माझ्या मावशीला तिच्या यजमानांच्या पश्चात निवृत्तिवेतन मिळतं. अर्ज भरताना ई-मेलच्या चौकटीपुढे लाल चांदणी होती, म्हणजे ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. खिडकीवरच्या मुलाने भल्या मनाने तिच्या नावाचं एक खातं तिथल्या तिथे उघडून दिलं, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला. मावशीने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि विषय संपला. पुढे हयातीचा दाखला मागणाऱ्या सूचना त्या खात्यावर जात राहिल्या. घराच्या दारावर कुणी आलं नाही, पाकीट आलं नाही. एके महिन्यात पैसे आले नाहीत. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, 'ई-मेल पाठवला होता, डिलिव्हर्ड दाखवतंय.' बऱ्याच खटपटीने ते खातं उघडलं. बुटांवरची सवलत आणि फुकट ऑनलाइन वर्ग यांच्या मधोमध, जाहिरातींच्या कप्प्यात, ती सूचना पडलेली होती. विषय : 'महत्त्वाची माहिती'. पाठवणारा : 'नो-रिप्लाय'. आतल्या लिंकवर बोट ठेवलं तर 'या लिंकची मुदत संपली आहे'. सगळं सुरळीत झालं, पण जिवंत असल्याचं सिद्ध करायला मावशीला स्वतः जाऊन उभं राहावं लागलं. तिने तिथल्या बाईंना एवढंच विचारलं, 'माझा पत्ता तुमच्याकडे आहे ना? बदललाय का तो?' पत्ता अर्थातच होता. त्याच अर्जात, ई-मेलच्या चौकटीच्या वरच्याच ओळीत.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार संमतीची. 'कागद वाचवा' असं म्हणत एका खुणेवर कागदी पत्र बंद होतं. बरेचदा ती खूण आधीच केलेली असते आणि आपण ती काढायची असते. परत कागद हवा असेल तर कुठे तरी आत, चौथ्या पानावर पर्याय असतो, आणि अनेक ठिकाणी कागदाचे वेगळे पैसे लागतात. झाडांचं नाव पुढे करायचं आणि टपालखर्च वाचवायचा. झाडं वाचवायची असतील तर आधी पेट्यांमध्ये कोंबली जाणारी जाहिरातपत्रकं थांबवा.

दुसरी तक्रार पत्त्याच्या मालकीची. घराचा पत्ता कुणी कंपनी आपल्याकडून काढून घेत नाही. ई-मेलचा पत्ता आपला नसतोच. नोकरी सुटली की कार्यालयाचा पत्ता जातो, शिक्षण संपलं की संस्थेचा जातो. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून लागू केलं. कंपनीच्या बाजूने त्यात काही गैर नाही, फुकट दिलेली जागा ती किती काळ सांभाळणार? पण जी वस्तू खासगी कंपनी आपल्या सोयीने काढून घेऊ शकते, तिच्यावर सरकारी नोटीस बजावणं हे तुमच्या बाजूने गैर आहे.

तिसरी मृत्यूची. ही कुणाच्या धोरणात लिहिलेली मी पाहिली नाही. माणूस गेल्यावर पुढचे काही महिने घरी येणारं टपाल हीच वारसांची शोधयादी असते. विम्याच्या हप्त्याचं पाकीट येतं, कुठल्याशा जुन्या ठेवीचं विवरण येतं, घरपट्टीचं बिल येतं, आणि कुठे काय आहे हे घरच्यांना उलगडत जातं. सगळं ई-मेलवर गेलं की ही यादी एका पासवर्डमागे बंद होते. पासवर्ड त्या माणसाबरोबर गेलेला असतो. आमच्या विभागात अशा वारसांची पत्रं येतात, 'बाबांचं तुमच्याकडे काही होतं का?' असं विचारणारी. कुठे कुठे विचारायचं हेच त्यांना माहीत नसतं, म्हणून ते अंदाजाने सगळीकडे लिहीत सुटतात.

चौथी खरेपणाची. एसएमटीपी आखली गेली तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव तपासण्याची सोयच त्यात नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने मेल पाठवू शकत होता. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही कुलपं नंतर, एकेक करून लावली गेली. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ती लावणं गूगल आणि याहूने सक्तीचं केलं ते थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. आता विरोधाभास बघा. 'अनोळखी मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका' असं तुम्हीच लोकांना शिकवता आणि मग दंडाची नोटीस लिंकच्या रूपात पाठवता. सावध माणूस ती उघडत नाही. मग त्याला सावधपणाची शिक्षा होते.

पाचवी तक्रार मला सर्वात झोंबते. पेटी काढता, वाटपाचे दिवस कमी करता, तिकिटाचा दर वाढवता. मग लोक कमी पत्रं पाठवतात. मग तोच आकडा दाखवून आणखी पेट्या काढता. या चक्रात लोकांना पत्र नको होतं की पत्र पाठवणं अवघड केलं होतं, हे वेगळं काढून दाखवणारा तक्ता एकाही अहवालात मला सापडलेला नाही. माझ्या रोजच्या रस्त्यावरची पेटी गेली तेव्हा खांबावर एक कागद चिकटवला होता : 'जवळची पेटी वापरावी.' जवळची कोणती, ते लिहिलं नव्हतं.

मतदानाचंही बोलायला हवं. बर्नच्या खिडकीतून बाहेर बघितलंत तरी दिसेल. स्वित्झर्लंडमध्ये मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक टपालाने मत देतात. तिथेच ई-मतदानाची यंत्रणा तपासणीसाठी खुली केल्यावर २०१९ मध्ये संशोधकांना तिच्यात गंभीर दोष सापडले, ती थांबवावी लागली आणि पुढे २०२३ पासून मोजक्या कँटनांमध्ये, म्हणजे तिथल्या प्रांतांमध्ये, मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. जगातला इतका श्रीमंत, इतका शिस्तीचा देश मताच्या बाबतीत पाकिटावर विसंबतो. बँकेचं कार्ड, पारपत्र, ब्रेल लिपीतली पुस्तकं या गोष्टी ई-मेलने जात नाहीत हे सांगायला नको. दृष्टिहीनांसाठीच्या टपालाला तुमच्याच करारात टपालखर्चातून सूट आहे. वाटप करणारा माणूसच उरला नाही, तर ती सूट कुठे वापरायची?

कुणी म्हणेल, तंत्रज्ञान सुधारेल. सुधारेलही, आणि काही ठिकाणी सुधारलं आहे. इटलीने २००५ मध्ये प्रमाणित ई-मेलला कायद्याने पोचपावतीसह नोंदणीकृत पत्राचा दर्जा दिला. त्यात सेवा देणाऱ्याला दोन पावत्या द्याव्या लागतात, एक संदेश स्वीकारल्याची आणि दुसरी तो समोरच्याच्या पेटीत ठेवल्याची. जबाबदारी कुणाची हे कायद्याने ठरलं म्हणून ते टिकलं. जर्मनीने २०११ मध्ये डी-मेल या अशाच खात्रीच्या ई-मेलसेवेचा कायदा केला, पण लोकांनी ती सेवा फारशी जवळ केली नाही आणि डॉइचे टेलिकॉमने २०२२ मध्ये ती बंद केली. अमेरिकी टपाल खात्याने १९८२ मध्येच 'ई-कॉम' काढलं होतं. कंपन्यांनी संदेश तारेवरून पाठवायचा, टपाल खात्याने तो २५ ठरावीक कार्यालयांत छापायचा आणि पाकिटात घालून घरी द्यायचा. तोट्यात गेलं, १९८५ मध्ये बंद झालं. तेव्हा छपाई महाग होती आणि घराघरांत संगणक नव्हते. आज ती कल्पना पुन्हा उचलण्यासारखी आहे असं माझं मत आहे. पाठवणाऱ्याने कळफलक वापरावा, घेणाऱ्याला हवा असेल तर कागद मिळावा. आमच्यासारख्या कार्यालयांचा निम्मा खर्च पाकिटात घालण्यात, चिकटवण्यात आणि वाहण्यात जातो. गावोगावी कार्यालय असलेल्या टपाल खात्याने छपाई घेणाऱ्याच्या जवळच केली तर वाहतुकीचा मोठा भाग वाचेल. तोटा मोजण्याआधी एवढं करून तर पाहा.

मागण्या पुढीलप्रमाणे.

१. ज्या पत्राने कुणाचा हक्क, पैसा, निवारा, स्वातंत्र्य किंवा मत यांवर परिणाम होतो, ते मुळात कागदावरच जावं. ई-मेल हवा असेल तर तो नागरिकाने मागून घ्यावा, आणि कधीही एका साध्या अर्जावर परत कागदावर येता यावं. डेन्मार्कमध्ये २०१४ पासून सरकारी डिजिटल टपाल सक्तीचं असलं तरी ज्यांना जमत नाही त्यांना त्यातून सूट मिळते. सूट मागायला न लावता ती मुळातच असावी, एवढंच मागते आहे.

२. सर्व्हरने दिलेलं उत्तर म्हणजे बजावणी नव्हे, हे कायद्यात स्पष्ट लिहावं. ई-मेलला ठरावीक दिवसांत माणसाने स्वतः दिलेला प्रतिसाद आला नाही, तर कागदी पत्र निघालंच पाहिजे आणि मुदत त्या पत्रापासून मोजावी.

३. कागदासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत. सांगायचं तुम्हाला आहे, खर्च तुमचा.

४. अर्जातल्या ई-मेलच्या चौकटीपुढची चांदणी काढावी. ही मागणी पूर्ण करायला निधी लागत नाही, समिती लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

५. सरकारी कामासाठी पत्ता हवाच असेल तर तो सरकारने द्यावा, आयुष्यभराचा द्यावा आणि मृत्यूनंतर वारसांना तो कायदेशीर मार्गाने उघडता यावा. जागतिक टपाल संघटनेकडे 'डॉट पोस्ट' हे स्वतःचं डोमेन २०१२ पासून आहे. ते शोभेला ठेवण्याऐवजी अशा पत्त्यांसाठी वापरात आणण्याचा प्रस्ताव सदस्य देशांपुढे ठेवावा.

६. 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून कुठलीही सरकारी सूचना जाऊ नये. सरकारी पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर उत्तर जातं. मेललाही तो नियम लावा.

७. पेटी किंवा कार्यालय बंद करण्याआधी त्याची सूचना तिथेच, ठळक अक्षरात लावावी, हरकती घ्याव्यात आणि पुढची पेटी नेमकी कुठे आहे ते त्या सूचनेत लिहावं. वाटपाचे दिवस किंवा दर बदलले असतील तर पत्रसंख्येच्या प्रत्येक आकड्याशेजारी तेही छापावं.

यातली कुठलीही मागणी ई-मेल बंद करा असं म्हणत नाही. आमच्या विभागात उद्याही सकाळी आधी संगणकच सुरू होईल.

दरवर्षी ९ ऑक्टोबरला, त्या १८७४ च्या कराराची आठवण म्हणून, तुम्ही जागतिक टपाल दिन साजरा करता आणि देशोदेशीची प्रशासनं आपापल्या कामगिरीची पत्रकं काढतात. यंदाच्या पत्रकात प्रत्येक देशाने चार आकडे द्यावेत : वर्षभरात किती पेट्या काढल्या, किती कार्यालयं बंद केली, ई-मेलने बजावलेल्या किती सूचनांना काहीच प्रतिसाद आला नाही, आणि त्यांपैकी किती जणांना नंतर कागदी पत्र पाठवलं. हे आकडे गोळा करण्याचा नमुना संघटनेने तयार करून सदस्यांना पाठवावा. कसा पाठवायचा ते तुम्ही ठरवा, फक्त पोचपावती घ्या.

आपली,
आवक-जावक विभागातली एक कर्मचारी

प्रत माहितीसाठी : ज्यांच्या दारात अजून पत्र येतं, आणि ज्यांच्या दारात ते यायचं थांबलं आहे, असे सर्व वाचक